दोन कोरी वाचनं

स्वरूप कळंबटे कामाला बसला की आधी स्वतःला बांधून घ्यायचा. डाव्या मनगटात पट्टा, पट्ट्याला वायर, आणि वायरीचं दुसरं टोक माझ्या पडवीतल्या लोखंडी नळाला. पहिल्या दिवशी मी ते बघितलं आणि विचारलं, "काय रे, गुरासारखं दाव्याला बांधून घेतलंस? पळून जाशील म्हणून?"

तो हसला नाही. म्हणाला, "काकी, आपल्या अंगात वीज असते. ती ह्या बोर्डात उतरली तर बोर्ड मरतो."

मी म्हटलं, "माझ्या अंगात काही उरलेली नाही बाबा. मी इथे बसले तर चालेल ना?"

तेव्हा जरासा हसला. हसायला त्याला वेळ लागायचा.

आमचं घर रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला. हे गेले, मुलगा मुंबईला, पडवीत नुसता नारळांचा ढीग. स्वरूप आला तेव्हा नारळ मागच्या दारी हलवले आणि पडवी त्याला दिली. मूळचा तो आमच्याच वरच्या वाडीतला. मुंबईत पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले, आई आजारी पडली म्हणून परत आला, आई गेली तरी परत गेला नाही. बायको मुंबईतच राहिली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि मी कधी विचारलं नाही. म्हणजे एकदाच विचारलं. तो म्हणाला, "काकी, चहा निवतोय." मला कळलं.

मी शिकलेली दुसरीपर्यंत. त्यामुळे त्याच्या कामातलं मला जेवढं कळलं तेवढंच सांगते. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक हिरवा बोर्ड असतो. त्या बोर्डावर एक चिप असते, काळी, आठ पायांची, कुळथाच्या दाण्याएवढी. स्वरूपचं सगळं आयुष्य त्या दाण्याभोवती. मी विचारलं होतं, "ह्यात असतं काय?"

"मशीन जागं झालं की पहिलं काय करायचं ते ह्यात लिहिलेलं असतं. तुम्ही सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

"चूल पेटवते."

"तसं. ते लिहिलेलं पुसलं गेलं तर मशीन उठतं आणि नुसतं बसून राहतं. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा."

"आमचे हे शेवटची दोन वर्षं तसेच होते," मी म्हटलं.

चिपळूणहून, राजापूरहून, कुठून कुठून माणसं अशी बसून राहिलेली मशीनं घेऊन यायची. दुसऱ्या दुकानांनी हात टेकले की शेवटचं दुकान माझी पडवी. त्यातलं वाईट दुखणं म्हणजे कुलूपबंद चिप. नवीन लिहायला गेलं तर चिप लिहून घेत नाही. तिच्या तिसऱ्या पायात कुलूप असतं. तो पाय हलकेच उचलायचा, त्याला वेगळी वीज द्यायची, मग आतली कुलपाची खूण पुसायची, मग कुठे ती ऐकते. हे करताना स्वरूप श्वास धरून बसायचा. मी नारळ सोलत असले तर मला म्हणायचा, "काकी, दोन मिनिटं." मग मी पण कोयता हातात धरून बसायची. पडवीत आम्ही दोघं असे, देवळातल्या दगडी मूर्तींसारखे.

कुलूप उघडता येतं म्हणून कुणाचंही उघडणारा तो नव्हता. एकदा एक जण मोटरसायकलवरून चकचकीत लॅपटॉप घेऊन आला. "ह्याचं कुलूप काढून दे."

स्वरूपने मशीन फिरवून बघितलं. "लावलंय कुणी?"

"कंपनीने. तुला काय करायचंय?"

"कंपनीचं पत्र आण. कुलूप आहे म्हणजे कुणाचं तरी आहे."

तो माणूस खूप बोलला, मला पण "म्हातारे" म्हणाला. स्वरूपने लॅपटॉप उचलून त्याच्या सीटवर नेऊन ठेवला आणि परत येऊन स्वतःला नळाला बांधून घेतलं.

आणि त्याचा एक नियम होता. चिपला हात लावण्याआधी तिच्यात जे काही असेल ते वाचून, उतरवून ठेवायचं. एका चिमट्याने चिपचे आठही पाय धरायचे, चिमट्याची वायर एका डबीला, डबी त्याच्या कॉम्प्युटरला. एकदा वाचायचं, मग पुन्हा वाचायचं, आणि दोन्ही वाचनं ताडून बघायची. एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी पुन्हा पहिल्यापासून. "जुनं हातात नसताना पुसणं हा खून आहे," असं म्हणायचा. एवढं मोठं बोलणं त्याच्या तोंडात हे एकच.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना, मंगळवारी पूर्णगडहून मथुरा आणि तिचा मुलगा अनिल रिक्षाने आले. मथुरेच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. तिने टॉवेल सोडला आणि पडवीभर खाऱ्या बांगड्यांचा वास सुटला. माझी मांजर मागच्या दारातून येऊन उंबऱ्यावर बसली, ती हलेना.

मथुरेचा नवरा गंगाराम, तांडेल. चाळीस वर्षं होडी हाकली. समुद्राच्या तळाशी कुठे खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक आहे, कुठे बुडालेला मचवा आहे ज्याच्यात जाळं अडकून फाटतं, कुठे किती वाव पाणी, कुठल्या महिन्यात कुठे सुरमई, हे सगळं त्याच्या डोक्यात. त्याला ते 'जागा' म्हणतात. अनिलने बापाच्या शेजारी बसून दोन हंगाम त्या सगळ्या जागा ह्या लॅपटॉपात भरून घेतल्या होत्या. वैशाखात गंगारामच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता पौर्णिमेला नारळ सोडला की होडी घेऊन अनिलला एकट्याने जायचं होतं, आणि लॅपटॉप काळा पडदा लावून बसलेला.

मी विचारलं, "वहीत का नाही रे लिहिलंत?"

"आजी, वही होडीत भिजते. म्हणून तर मशीन घेतलं."

स्वरूपने विचारलं, "दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलंय? फोनात? पेन ड्राइव्हवर?"

अनिलने असं बघितलं की जणू बहिणीचे दागिने चौकात टांगायला सांगितलेत. "जागा दुसरीकडे कोण ठेवतो? बाबांनी शपथ घातलेली. एकच ठिकाणी राहायच्या, आपल्या."

मथुरा एकदम रडायला लागली. "माजंच चुकलं. पावसात घरभर ओल. चुलीवरची फळी तेवढी सुकी. मासेमारी बंदीचे दोन महिने मशीन तिकडेच ठेवलं मी. आमसुलं, खारे बांगडे, सगळं तिकडेच सुकं राहतं. मना काय ठावं, त्याला मीठ लागंल."

"आये, आता तरी गप," अनिल म्हणाला. "मासा आणि मशीन एका फळीवर!"

स्वरूपने मागचं झाकण काढलं. आत बोर्डावर पांढरट हिरवी बुरशीसारखी पुटं. चिपचे पाय तर शेवाळलेल्या पायरीसारखे. त्याने त्यांना समजावलं, तेव्हाच मलाही कळलं. जागा ज्या पेटीत आहेत ती पेटी मशीनने स्वतःच बंद करून घेतलेली असते आणि तिची किल्ली ह्या चिपमध्ये असते. बिघडलेला भाग नवा लिहायचा, किल्लीचा भाग जुन्यातलाच ठेवायचा. म्हणून आधी जुनं वाचून घ्यायचं.

चिमटा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. ताडून बघितलं. मथुरा पदराने नाक पुसत त्याच्या तोंडाकडे बघत होती, जणू तोच डॉक्टर आणि आत गंगारामच आडवा पडलाय.

पडद्यावर दोन्ही जुळल्याची खूण आली. स्वरूपने मान वर केली आणि म्हणाला, "मथुराताई, रडू नका. जुनं सगळं उतरवून घेतलंय. आता काही झालं तरी ते माझ्याकडे आहे."

ती रडायची थांबली. मी चहा टाकला. मांजराला हाकललं.

पण चिप ऐकेना. लिहायला घेतलं की नकार. स्वरूप म्हणाला, कुलूप आहे. बुधवारी त्याने चिमटा बाजूला ठेवला, ब्रशने पाय घासून घासून मीठ काढलं, चिप बोर्डावरून उतरवली. गुरुवारी दुपारी तिसरा पाय उचलला, वीज दिली. मी कोयता धरून बसले होते. कुलूप निघालं. त्याने पुसलं आणि नवं लिहिलं. चिप परत बसवली, बटण दाबलं, आणि पडदा उजळला. मी म्हटलं, "अरे वा, उठलं की!"

मशीन उठलं आणि किल्ली मागायला लागलं. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली. स्वरूप म्हणाला, "मागणारच. थांबा, जुन्यातला भाग घालतो." आणि त्याने मंगळवारी उतरवलेलं वाचन उघडलं.

मी त्याच्या पाठीमागे होते. मला दिसलं ते एवढंच, की पडदाभर एकच अक्षर. ओळीच्या ओळी, खाली खाली, शाळेत पोराला शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं. त्याने दुसरं वाचन उघडलं. तेच. तो खाली सरकवत राहिला. मग मनगटाचा पट्टा काढला आणि मागच्या दारी जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होता.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही काकी. नाही निघत."

शुक्रवारी अनिल आला. स्वरूपने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. "मशीन चालतंय. पण जागा नाहीत."

अनिल म्हणाला, "मीठच ना? आयेच्या मिठाने खाल्लंन ना?"

स्वरूप बोर्डाकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. तो हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

अनिलने लॅपटॉप काखेत मारला आणि गेला.

त्यानंतर स्वरूप कामाला बसायचा, बांधून घ्यायचा आणि नुसता बसून राहायचा. त्याचाच पंखा फिरत होता, पडदा काळा. माणसं येऊन मशीनं ठेवून जायची, ती तशीच. मी एकदा भाजणीचं थालीपीठ दिलं ते दुपारी मांजर खात होती. पौर्णिमा झाली. दहा दिवसांनी मच्छी विकायला येणाऱ्या बाईकडून कळलं, गंगाराम तांडेलाची होडी बुडालेल्या मचव्यावर गेली, जाळं अर्धंअधिक तळाशीच राहिलं. माणसं धड आली. "आणि ती मथुरा," बाई तराजू धरून म्हणाली, "तिच्या मुलाने बोलणं टाकलंन तिच्याशी. चुलीवरची फळी कोयतीने तोडलीन म्हणे तिने. बांगडा सोडा, घरात मिठाचा खडा दिसला तरी रडते."

स्वरूप पडवीत होता. त्याने सगळं ऐकलं. बाई गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. पट्टा हातातच, वायर मागे फरफटत आलेली.

"काकी, मिठाने नाही गेलं."

"मग?"

"मिठामुळे फक्त चिमटा नीट लागला नव्हता. पायांवर पुट होतं, चिमटा वरच्यावर बसला होता, आत काहीच पोचलं नव्हतं. मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा कोरं आलं; काही नसलं की पडदाभर तेच एक अक्षर येतं. कोरं कोऱ्याशी जुळलं. मी आत उघडून बघितलंच नाही. नंतर पाय साफ केले तेव्हा किल्ली आतच होती, धडधाकट. एकदा वाचलं असतं तर हातात आली असती. मी पुसली ती."

"नेहमी बघतोस ना उघडून?"

"नेहमी. त्या दिवशी त्यांना सांगायची घाई झाली. रडणं बघवेना."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. रडणं बघवलं नाही म्हणून त्याने जे केलं त्याने ती जन्मभर रडणार होती. मी म्हटलं, "हे मला सांगून काय होणार? माझी कुठे होडी आहे?"

"तुम्ही येता का बरोबर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पावस गावावरून एसटीने पूर्णगडला गेलो. स्वरूपने खिडकी धरली होती, पण बाहेर बघत नव्हता. मला गाडी लागते म्हणून मी आमसूल तोंडात धरलं होतं. उतरल्यावर त्या फळीची आठवण झाली आणि ते थुंकून टाकलं. त्या घरात आमसूल चघळत जायला मला कसंसंच झालं.

गंगाराम ओटीवर खुर्चीत. लांबून समुद्र दिसतो अशी खुर्ची लावलेली. लॅपटॉप कोनाड्यात, त्याच टॉवेलात. मथुरा घरातून आली, अंगाने निम्मी झालेली. अनिल खाली अंगणात जाळं शिवत होता. त्याने मान वर केली नाही.

स्वरूप बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मथुराताई, तुमच्या मिठाने काही गेलं नाही. माझ्या हाताने गेलं. जुनं उतरवलंय म्हणून मी तुम्हाला सांगितलं, ते उतरलंच नव्हतं. मी बघितलं नाही आणि पुसलं. तुम्ही फळीवर ठेवलंत तरी जागा आत होत्या. मी घालवल्या."

जाळ्यातली सुई थांबली.

मथुरा त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं, तिच्या उरावरचं ओझं उतरेल. पण तसं कुठे असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी माज्या पोराने विचारलंन तुला. मीठच ना, म्हणून. तवा का नाय बोललास?"



"बारा दिस," ती म्हणाली. "बारा दिस मी ह्यांच्या तोंडात घास घालतेय नि ह्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळतेय."

अनिल उठून आला. मला वाटलं मारतो. त्याने कोनाड्यातला लॅपटॉप काढला आणि स्वरूपच्या हातात दिला. "घेऊन जा. आमच्या घरात नको." आणि मग आईकडे न बघता, जरा थांबून, "आये, पाणी दे."

बारा दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला असावा. ती आत गेली ती धावतच.

गंगारामला किती कळलं, देवाला ठाऊक. त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तांडेलाचेच. निघताना स्वरूप त्याच्या पायाला हात लावायला वाकला, तर त्याने डावा हात उचलून समुद्राकडे कुठेतरी बोट केलं. ते बोट मचव्याकडे होतं की दाराकडे, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. परतीच्या गाडीत स्वरूप दोनदा म्हणाला, "काहीतरी दाखवत होते काकी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणू?

गणपतीनंतर मथुरा मला रत्नागिरीच्या बाजारात भेटली. टोपलीत खारे बांगडे होते. म्हणजे मीठ पुन्हा घरात आलं होतं. मी काही विचारायच्या आत तिने चार बांगडे माझ्या पिशवीत टाकले. "हे तुला मावशी. त्याला नको देऊस."

मी दिले नाहीत. पण निखाऱ्यावर भाजले तर वास पडवीत जाणारच. तो कामावर होता. त्याने एकदा मान वर केली, वासावरून ओळखलं, आणि पुन्हा खाली घातली. त्या दिवशी तो जेवला नाही.

तो लॅपटॉप अजून त्याच्या टेबलावर, भिंतीकडच्या बाजूला आहे. रविवारी काढतो, चालू करतो, अठ्ठेचाळीस आकड्यांची जागा रिकामी दिसते, बंद करतो. मी म्हटलं एकदा, "कशाला रे?" तर म्हणाला, "किल्ली नाही, पण पेटी आहे ना."

काम मात्र पुन्हा करायला लागलाय, पहिल्यापेक्षा हळू. आणि मला एक नोकरी लागली आहे, ह्या वयात. चिप वाचून झाली की तो पडदा माझ्याकडे वळवतो. मला इंग्रजीतलं एफ त्याने शिकवलंय, पाटीवर काढून. "काकी, नुसतं हेच अक्षर दिसलं तर ओरडा. मधे मधे दुसरं काही दिसलं तर चालेल." दुसरीत मास्तरांनी कान पिळूनही मला बाराखडी पुरी आली नव्हती, आता इंग्रजीतलं हे एवढं एकच येतं. ते मी चष्मा पुसून, बोट लावून, ओळीने बघते.

काल एक मशीन आलं होतं, राजापूरच्या शाळेचं. मी वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हटलं, "भरलेलं आहे रे. सगळं वेगवेगळं आहे."

तो म्हणाला, "पुन्हा बघा."

मी पुन्हा बघितलं.